उत्तर: वायरलेस कार्ड लॉकला काय काय सामान लागतं
दादा, तुम्ही विचारलंय की लातूरच्या अभ्यासिकेला वायरलेस लॉक बसवायचं तर नुसता रीडर (कार्ड वाचणारं यंत्र) अन् लॉक घेऊन भागतं का, तर नाही भागत. कंट्रोलर (कार्ड बरोबर आहे का तपासून लॉक उघडणारा डबा), आतून बाहेर पडायचं बटन, पॉवर सप्लाय हे पण लागतंय, अन् वायरलेस म्हणजे फक्त रीडर-कंट्रोलरमधला सिग्नल हवेतून जातो, चुंबकी लॉकला (करंट आहे तोवर चुंबकानं दार धरून ठेवणारं) 12 व्होल्टची वायर ओढावीच लागती. आता मेन गोष्ट, आपल्याकडं उन्हाळ्यात लाइट किती जाती ते तुम्हाला माहितेय, अन् करंट तुटला की चुंबकी लॉक आपोआप उघडतं, आग लागली तर पोरं आत अडकू नयेत म्हणून ते तसंच बनवलेलं असतंय, त्यामुळं 12 व्होल्ट 7 एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) बॅटरी पाहिजेच पाहिजे. आमच्या नांदेडच्या गोडाऊनला बसवणाऱ्यानं ती टाकलीच नव्हती, रात्रभर दार सताड उघडं, अजून आठवलं की धस्स होतं. कार्ड साधं 125 किलोहर्ट्झचं घेऊ नका, त्याची कॉपी लै सोपी, 13.56 मेगाहर्ट्झमधलं एन्क्रिप्शनवालं, म्हणजे माहिती सांकेतिक करून पाठवणारं बघा. अन् कंट्रोलर दाराच्या आतल्या बाजूलाच लावायला सांगा, बाहेर अजिबात नको.