मेन स्टीम लाइनचं आरएलए (उरलेल्या आयुष्याची तपासणी), जाडी बरोबर आली म्हणजे झालं का?

नवखा_शिफ्टवाला: मंडळी, आमचं २१० मेगावॅटचं जुनं औष्णिक वीज युनिट, दोन लाख तास होत आलेत. पुढच्या आठवड्यात बंद होणार, ओव्हरहॉलमध्ये मेन स्टीम आणि हॉट रिहीट लाइनचं (बॉयलरमधून टर्बाइनला वाफ नेणारे पाइप) आरएलए आहे. एजन्सीवाला म्हणतो मागच्या वेळी जाडी मस्त आली होती, आता चार-पाच रेप्लिका (धातूच्या पृष्ठभागाचे फिल्मवर घेतलेले ठसे) घेऊ आणि रिपोर्ट देऊन टाकू. साहेबपण खूश, लॅगिंग (पाइपवरचं उष्णतारोधक आवरण) कमी काढावं लागेल म्हणून. मला काही पटत नाहीये, पण नवीन माणसाचं ऐकतो कोण. कशाचा हट्ट धरू?

राखवाला: अरे ५४० डिग्रीला चालणाऱ्या पाइपची जाडी शेवटपर्यंत चांगलीच दिसू शकते, आत धातूच्या ग्रेनच्या (कणांच्या) कडांना क्रीपच्या, म्हणजे उष्णता आणि ताणाने धातू हळूहळू ताणला जाण्याच्या, पोकळ्या होत असतात त्या जाडीच्या मीटरला काय दिसणार! रेप्लिकाच्या जागा तूच ठरव, नाहीतर शिडी पोचते तिथलीच घेतात. वाय पीस, टी, स्टॉप व्हॉल्व्हजवळचे वेल्ड आणि वेल्डच्या शेजारची हीट लागलेली पट्टी, बेंडची बाहेरची बाजू, एवढं सोडू नको. आणि वरचा डीकार्ब (कार्बन उडालेला) थर नीट घासून काढला का बघ, नाहीतर फोटो छान येतो आणि उपयोग शून्य. सुट्या पोकळ्या दिसल्या तर पुढची तपासणी अलीकडे घ्यायची, पण ओळीने लागल्या असतील तर मात्र हसण्यावारी नेऊ नका.

दुसरं, हँगरचं (पाइप तोलून धरणाऱ्या स्प्रिंगच्या आधाराचं) हॉट रीडिंग आत्ताच घे, युनिट चालू आहे तोवर!! एकदा बंद झालं की फक्त कोल्ड मिळेल. हँगर अडकला की सगळा भार कुठल्यातरी वेल्डवर जातो आणि मग लोक मटेरियलला शिव्या देतात.

पाणीखातं: राखवाला दादांना अनुमोदन, पण सगळे स्टीमच्याच मागे लागतात राव. जपानात मिहामाच्या अणुवीज केंद्रात २००४ साली जो पाइप फुटला तो हाय प्रेशर नव्हताच, कंडेन्सेटचा (वाफ थंड होऊन झालेल्या पाण्याचा), १४० डिग्रीच्या आसपासचं पाणी. ऑरिफिसच्या (पाइपमधल्या भोक असलेल्या चकतीच्या) पुढे पाणी घुसळून घुसळून १० मिमीची भिंत दीड मिमीच्याही खाली आली होती, १९७६ पासून एकदाही मोजली नव्हती कारण तपासणीच्या यादीत ती जागाच नव्हती. पाच जण गेले. तेव्हा फीड लाइनला (बॉयलरला पाणी नेणाऱ्या पाइपला) कंट्रोल व्हॉल्व्ह आणि ऑरिफिसनंतरचे बेंड मोजा, तिथं जाडीच बघायची असते. एक पॉइंट नको, ग्रिड आखून.

पी९१_पीडित: तुमच्याकडं पी२२ (पाइपच्या स्टीलचा जुना प्रकार) असेल म्हणजे सुखी आहात. आमच्याकडं पी९१ (नंतरचं, जास्त मजबूत स्टील), प्रत्येक वेल्डची हार्डनेस (कठीणपणा) घेत बसतो, १९० च्या खाली आली की झोप उडते.

नवखा_शिफ्टवाला: राखवाला सर, आज शिफ्ट संपल्यावर हँगर फिरून आलो. दोन ठिकाणी पॉइंटर पार तळाला टेकलाय. आणि एकाला लॉक पिन (हँगर जखडून ठेवणारी) तशीच आत, वरून रंग मारलेला 😐 कोणत्या ओव्हरहॉलपासून आहे देव जाणे. फोटो काढून साहेबांना पाठवलेत, उद्या सकाळी बोलावलंय.

राखवाला: चालू लाइनवर पिनेला हात लावू नको रे बाबा. भार आलेला असतो तिच्यावर.