मदत हवी आहे: विमानाचं दार बंद झालं की जीव घाबरा होतो

नमस्कार. डिसेंबरमध्ये बहिणीचं बाळंतपण आहे, फ्रँकफर्टला. आईला घेऊन मलाच जायचंय. मुंबईहून थेट विमान, साधारण ९ तास. आणि मला विमानाची भयंकर भीती वाटते.

पडण्याची भीती म्हणावी तर तशी नाही. दार बंद झालं की आता बाहेर पडता येणार नाही, हा विचार येतो आणि छातीत धडधडायला लागतं. लिफ्टचंही तेच, पाचव्या मजल्यावर मी जिन्यानेच जाते. मागच्या वर्षी पुणे-दिल्ली प्रवासात ढगांत विमान हादरायला लागलं, तेव्हा शेजारच्या अनोळखी काकूंचा हात मी इतका घट्ट धरला की त्यांच्या बांगडीचा वळ माझ्या तळव्यावर उठला. त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या थोपटत राहिल्या.

असे हादरे सोसावेत म्हणूनच विमानाचे पंख लवचीक बनवतात, हे वाचून पाठ झालंय. डोक्याला पटतं, पोटातला गोळा जात नाही.

भीतीला थोडं थोडं सामोरं जायला शिकवणारी एक्स्पोजर थेरपी कुणी घेतली आहे का? दोन-तीन महिन्यांत फरक पडतो? पंखांजवळची सीट खरंच बरी पडते का? गोळीबद्दल डॉक्टरांना विचारीनच, पण आई सोबत असताना गुंगीत राहणं मला नको वाटतं.

आईला यातलं काहीच माहीत नाही. तिचाही हा पहिलाच विमानप्रवास. तिला आधी सांगावं का?