मदत हवी आहे: परड्यातल्या विहिरीवरचे बेडूक गप्प झालेत

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात आमचं घर. मागे सडा (कातळाचं उघडं पठार), परड्यात चिऱ्यांची जुनी विहीर. मृगाचा पहिला दणका बसला की रात्रभर अशी डरावडराव चाले की झोपेचं नाव नको. हळदीसारखे पिवळेधमक नर, गळ्याशी दोन निळे फुगे. यंदा मोजून दोन दिसले. आई आधी म्हणाली, "बरं झालं, झोप तरी लागते." चार दिवसांनी तीच विचारायला लागली, "गेले खंय रे सगळे?"

बदललं काय, तर सड्यावर शेजाऱ्यांनी कातळ फोडून हापूसची कलमं लावली. पाणी साचायची ती पसरट डबकी मातीखाली गेली. गडी मिळत नाहीत म्हणून बांधावर तणनाशकाचा पंप मारतात (मीही मारला, खोटं कशाला बोलू). आणि डासांसाठी विहिरीत गप्पी मासे सोडलेत.

मध्ये पावसाने दडी मारली तेव्हा सड्यावर परातीएवढ्या एका डबक्यात चिखलात पिल्लं वळवळताना दिसली, शेपटीवर शेपटी. बादलीतून आणून विहिरीत सोडली. दुसऱ्या दिवशी एक नाही! गप्पींनी खाल्ली असतील का? दुसऱ्या गावातून बेडूक आणून सोडले तर?

कातळवेडा: गप्पी पिल्लं खातात, अंडीही सोडत नाहीत. विहीर विसरा. परड्यात हातभर खोल, एका बाजूने उतरता खड्डा करा, मासे अजिबात नकोत. उन्हाळ्यात आटला तर उत्तम, मासे टिकणार नाहीत. डासांची काळजी नको, त्या पिवळ्या बेडकाची पिल्लं मांसाहारी असतात, डासांच्या अळ्याही खातात.

तणनाशक मात्र आधी थांबवा. बेडूक पाणी कातडीतून घेतो. काही तणनाशकांत औषध पानाला चिकटावं म्हणून साबणासारखं द्रव्य घालतात, पिल्लांना मूळ औषधापेक्षा तेच जास्त बाधतं.

पागोळी: बाहेरून बेडूक आणू नका, हात जोडून सांगते. कायट्रिड नावाची बुरशी त्यांच्या कातडीला लागते, ओल्या बुटा-बादल्यांतूनही पसरते. पश्चिम घाटातल्या बेडकांवरही ती सापडली आहे. शिवाय हा बेडूक १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, पकडणं गुन्हा.

आणि उरलेली डबकी वाचवा. आंबोलीचा टोड (खरखरीत कातडीचा बेडूक) २००९मध्ये शास्त्रीय नोंदीत आला. तो आंबोली परिसराबाहेर कुठे मिळत नाही, अंडी घालतो ती कातळावरच्या असल्याच वीतभर पाण्यात. लोकांना तो कातळ म्हणजे पडीक दगड वाटतो, म्हणून सुरुंग लावतात.

धागाकर्ता: आभार. पंप बंद. रविवारी खड्डा खणतो, शेजाऱ्यांशी बोलायला मात्र धीर गोळा करावा लागेल. एक अडचण राहिली. आई म्हणते, बेडूक आले की मागोमाग दिवड येणार. ती बिनविषारी हे मला ठाऊक आहे, पण आईला कसं पटवू?