हनुवटीखालची चरबी: डीऑक्सिकोलिक ॲसिड दिल्यावर होणारी आग कशी कमी करावी?

प्रश्न (लातूर)
डबल चिनसाठी डीऑक्सिकोलिक ॲसिडचं (चरबी विरघळवणाऱ्या औषधाचं) इंजेक्शन देताना सुन्न करायचं क्रीम तासभर प्लास्टिकखाली लावतो. सुई टोचलेली कळतही नाही, पण पाच मिनिटांच्या आत पेशंट "आग आग व्हायलीय डॉक्टर" म्हणत खुर्चीचा हात घट्ट धरतात. 30 गेजची बारीक सुई, दर ठिकाणी 0.2 मिली, एक सेंटिमीटर अंतर, सगळं नियमाने. चुकतंय कुठं?

उत्तर (छत्रपती संभाजीनगर)
सर, चूक सुईत नाही. क्रीम फक्त कातडी सुन्न करतं, आग होते चरबीच्या थरात. हे औषध साबणासारखं पेशींचं आवरण फोडतं आणि तिथं सूज उठते. त्यामुळं लिग्नोकेन (सुन्न करणारं इंजेक्शन) त्याच थरात पोचायला हवं.

2 टक्के लिग्नोकेन विथ ॲड्रेनलीन सलाईनने निम्मं करा. दर 10 मिलीला 1 मिली सोडाबायकार्ब (सोडियम बायकार्बोनेटचं इंजेक्शन) घातलं की टोचताना चुरचुरत नाही. मिश्रण ऐन वेळी करा, ॲड्रेनलीन अल्कधर्मी द्रावणात टिकत नाही. पूर्ण भागाला 4–5 मिली पुरतं. मग 10 मिनिटं थांबा, हे थांबणं सगळ्यात जास्त टाळलं जातं. ॲड्रेनलीनने रक्तवाहिन्या आकसल्या की काळंनिळंही कमी पडतं.

टोचायच्या जागांच्या खुणा मात्र लिग्नोकेनच्या आधीच करा. नंतर भाग फुगतो आणि चरबी किती ते चिमटीत कळत नाही. आणि लिग्नोकेन डीऑक्सिकोलिक ॲसिडच्या सिरिंजमध्ये मिसळू नका, ते ॲसिड पातळ करायचं नसतं.

उत्तर (नांदेड)
वरच्या उत्तराला पूर्ण दुजोरा. बर्फाचं सांगते: इंजेक्शनच्या आधी 10 मिनिटं, नंतर 10–15, कापडातून. ओला बर्फ लावला की खुणा पुसतात, म्हणून बंद पिशवीतच ठेवा. एप्रिल-मेमध्ये लाईट गेली की जेल पॅक वितळतात, तेव्हा थर्मासमध्ये जादा ठेवलेले बरे.

सुई बाहेर काढताना औषध सोडू नका. ते कातडीत उतरलं तर आग तर वाढतेच, जखमही होऊ शकते. टोचता टोचता कातडी पांढरी पडली तर तिथंच थांबा.

प्रश्नकर्ता
लिग्नोकेनमुळं ओठ वाकडा झाला तर? नस दुखावली असं वाटेल.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर)
बरोबर शंका. म्हणूनच सुरुवातीला पेशंटला हसायला लावून फोटो घ्या. लिग्नोकेन पसरून आलेला वाकडेपणा काही तासांत जातो. दुसऱ्या दिवशीही राहिला तर औषध जबड्याच्या कडेच्या नसेजवळ गेलं असं धरा. बहुतेकांचं आठवड्यांत भरून येतं. जबड्याच्या कडेखाली 1 ते 1.5 सेंटिमीटरची पट्टी मोकळी सोडायचीच.

उत्तर (नांदेड)
आणि लग्नसराईतल्यांना आधीच स्पष्ट सांगा: आग तासाभरात बरीच ओसरते, सूज पहिल्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त असते. बधिरपणा काही आठवडे राहू शकतो. गिळायला त्रास झाला तर त्याच दिवशी फोन करा म्हणावं. उदगीर-देगलूरहून एसटीने परत जाणाऱ्यांना फोन नंबर लिहूनच द्या.