इस्रायलव्याप्त वेस्ट बँकेत इस्रायली सैनिकाने गोळी झाडली तर चौकशी कोण करतं?

भटका_जीव: पॅलेस्टिनी पत्रकार शिरीन अबू अक्लेहबद्दल वाचत होतो. मे 2022, वेस्ट बँकेतलं जेनिन, अंगावर ‘प्रेस’ लिहिलेलं जॅकेट, तरी गोळी लागून तिचा जीव गेला, सप्टेंबरात इस्रायली लष्कर म्हणालं आमच्याच सैनिकाची चुकून लागली असण्याची दाट शक्यता आहे, पण फौजदारी चौकशी नाही. हे कसं काय?

सावळागोंधळ: अहो तक्रार जाते लष्कराच्याच अॅडव्होकेट जनरलकडे. ऑपरेशनला कायदेशीर सल्ला देणारं तेच खातं आणि खटला भरायचा का ते ठरवणारंही तेच. कुंपणानेच शेत खाल्लं तर दाद कुणाकडे मागणार. बेत्सेलेम ही इस्रायलमधलीच मानवाधिकार संस्था, तीसुद्धा 2016 ला कंटाळून तक्रारी द्यायची थांबली.

कट्टेकरी: सरसकट नको बोलू. एलोर अझारिया या इस्रायली सैनिकाला शिक्षा झालीच ना?

सावळागोंधळ: झाली की. मार्च 2016, हेब्रॉन, चाकूहल्ला करणारा जखमी होऊन रस्त्यावर पडलेला, काही मिनिटांनी याने त्याच्या डोक्यात गोळी घातली. व्हिडिओ होता म्हणून केस उभी राहिली हो. 18 महिने शिक्षा, लष्करप्रमुखांनी 14 केली, गडी 9 महिन्यांत बाहेर.

नुसतावाचक: म्हणून तर आयसीसी, म्हणजे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय. देशाने स्वतः प्रामाणिक चौकशी केली तर ते कोर्ट मधे पडत नाही. 2021 ला तपास सुरू झाला, नोव्हेंबर 2024 ला गाझा युद्धावरून पंतप्रधान नेतान्याहू, माजी संरक्षणमंत्री गॅलंट आणि हमासचा लष्करी प्रमुख दाइफ यांच्यावर अटक वॉरंट. पण कोर्टाकडे स्वतःचे पोलीसच नाहीत, एप्रिल 2025 ला नेतान्याहू हंगेरीत आरामात पाहुणचार घेऊन आले, आणि हंगेरी तेव्हा त्या कोर्टाचा मेंबर होता बरं का.