जुना वाडा रिकामा करायचं काम घेतलंय, पोरांच्या जिवाची काळजी वाटते, सल्ला द्या

छोटाहत्ती_बीड
रामराम मंडळी. मी बीडचा, स्वतःचा छोटा हत्ती टेम्पो आहे, ४ वर्षांपासून घरं रिकामी करून द्यायचं काम करतो, म्हंजे म्हातारं माणूस वारलं, लेकरं पुण्याला, मग अडगळ काढायची, भंगार भंगारवाल्याला, लाकूड वखारीला नि उरलेला कचरा टाकून यायचा. आतापर्यंत स्लॅबचीच घरं केली. आता गेवराईकडचा एक माळवदाचा, म्हंजे लाकडी तुळयांवर मातीचं छत असलेला वाडा आलाय, १५ वर्षं बंद, वारसांना दिवाळीच्या आत रिकामा पाहिजे. परवा बघून आलो, ओसरीत वटवाघळांच्या घाणीचा थर, घुशींनी माती उकरलेली, मधल्या खोलीत फवारणीचे डबे लेबल गेलेले, धान्य साठवायचं एक बळद आहे त्याला कुलूप, नि मागं अंगणात पेव, म्हंजे धान्य ठेवायचा जमिनीतला खोल खड्डा, वर शिळा ठेवलेली. वारस म्हणतात पेवात जुनी भांडी असतील, काढा.
माझ्याकडं कामाला पोरं ४. त्यातला एक १९ वर्षांचा, चपलांवरच कामाला येतो. मागच्या महिन्यात त्यानं कचऱ्याचं पोतं मांडीला टेकवून उचललं, आतली काच घुसली, ७ टाके पडले. त्याच्या आईनं मला एक शब्द बोललं नाही पण मला तिच्याकडं बघवलं नाही. म्हणून काम सुरू करायच्या आधी विचारतोय, काय काय बघावं?

केजचा_गवंडी
भाऊ सगळ्यात आधी मान वर करा. माळवदावर दरवर्षी पांढरी माती टाकत गेलेत लोक, कुठं कुठं हात-दीड हात थर असतो, त्यात पावसाळा नुकताच गेलाय म्हंजे ती माती पाणी पिऊन जड झालेली असणार. १९९३ ला ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीकडं लोकं याच मातीखाली नि दगडांखाली गाडले गेले, आमच्याकडं तेव्हापासून म्हातारी माणसं माळवदाखाली झोपायला भेत होती. तुळईचं टोक भिंतीत जिथं शिरतं तिथं पहारीनं टोचून बघा, भुसा पडला तर वाळवीनं खाल्लंय, त्या खोलीत पोरगं पाठवू नका, आधी टेकू लावा. अजून एक, हे कोणी सांगत नाही. जुनी सागवानी कपाटं, फळ्यांचे आडोसे कधीकधी वाकलेली तुळई पेलून उभे असतात. तुम्ही कपाट ओढलं की वरचं सगळं खाली. कपाटाच्या डोक्यात नि तुळईत बोटभर तरी फट दिसल्याशिवाय हात लावायचा नाही. नि माळ्यावर एक, खाली दुसरा असं काम एका वेळी अजिबात करू नका.

अंबडचा_शेतकरी
पेवाचं वाचलं नि राहवलं नाही म्हणून लिहितोय. आमच्या गावात मी दहावीला असताना एक पेव उघडलं, ज्वारी काढायला एकजण उतरला, तो बोलेना म्हणून त्याचा भाऊ उतरला, तोही बोलेना. लोकांनी दोर टाकून काढले तवर दोघंही गेलेले. अंगावर जखम नाही, वास नाही, काही नाही. धान्य नि बुरशी आतल्या हवेतला ऑक्सिजन खाऊन टाकतात नि कार्बन डायऑक्साईड सोडतात, तो जड असतो, तळाला बसून राहतो. बाहेर हवेत ऑक्सिजन २१ टक्के, तिथं किती उरला हे डोळ्याला कसं दिसणार. जुने लोक कंदील सोडून बघायचे, विझला तर उतरायचं नाहीच, पण जळत राहिला म्हणून उतरायला चालतंय असंही नाही, मोनोक्रोटोफॉससारखं फवारणीचं औषध, धान्यात ठेवायच्या सेल्फॉसच्या विषारी गोळ्या असलं काही आत असलं तर कंदील काय सांगणार?
तुम्ही उतरूच नका, कुणाला उतरवूही नका. शिळा सरकवून कडेला उभं राहून टॉर्चनं बघा, गळ टाकून जे निघेल ते निघेल, बाकीचं राहू द्या तिथं. वारसांना सांगा भांडी मिळतील बाजारात. आणि उघडं सोडून घरी जाऊ नका, रात्री लेकरू नाहीतर जनावर पडतं. बळदाचंही तेच, दार उघडून दिवसभर तसंच ठेवा, दुसऱ्या दिवशी हात घाला.

दुकानदार_परभणी
माझं कृषी सेवा केंद्र आहे. १५ वर्षं बंद म्हणता म्हंजे त्यात एंडोसल्फान हे कीटकनाशक पण असू शकतं, त्याच्यावर सुप्रीम कोर्टानं २०११ ला बंदी आणली. लेबल गेलं तरी औषध मेलेलं नसतं. मोनोक्रोटोफॉस तर नुसतं कातडीवर पडलं तरी अंगात जातं, सुती हातमोजे घातले तर ते पिऊन धरून ठेवतात, उलट वाईट, रबरी घ्या. डबा आडवा करू नका, उघडून हुंगू नका, मोरीत ओतू नका, नि भंगारवाल्याला तर देऊच नका, धुऊन त्यात पाणी भरणारे लोक मी पाहिलेत. धान्यातल्या सेल्फॉसच्या गोळ्या, नाहीतर त्यांची राखाडी भुकटी सापडली तर त्यावर पाणी मारू नका, ओल लागली की फॉस्फिन वायू सुटतो, त्याच्यावर उतारा नाही. लसणासारखा नाहीतर सडक्या माशासारखा वास आला की सगळे बाहेर. डबे वेगळ्या खोलीत उभे ठेवून मालकाला सांगा आधी नगरपालिकेला विचारा.

सिस्टर_लातूर
दादा त्या पोराला धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं होतं का? सगळ्यांचंच विचारा, घाण जखम नि आधीच्या इंजेक्शनला ५ वर्षांच्या वर झाली असतील तर परत घ्यावं लागतं.
वटवाघळाची घाण, उंदराच्या लेंड्या कोरड्या झाडू नका, आधी पाणी शिंपडून भिजवा (दुकानदार दादांनी सांगितलेल्या भुकटीवर नाही) नि मग खराट्यानं नाही, फावड्यानं भरा. तोंडाला उपरणं बांधून बारीक धूळ थांबत नाही, एन ९५ मास्क आणा. उंदराच्या मुतामुळं लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा तापाचा आजार होतो, महिनाभरात कुणाला कडक ताप आला, पोटऱ्या दुखल्या तर डॉक्टरला हे काम केलं होतं ते आठवणीनं सांगा, नाहीतर नुसता व्हायरल म्हणून गोळ्या मिळतात.
विंचवाचं लोक हलक्यात घेतात. लाल विंचू चावला नि घाम फुटला, हातपाय गार पडले, उलटी झाली तर मांत्रिकाकडं न्यायचा वेळ नाही. प्राझोसिन नावाची गोळी त्याच्यावर वापरायचं डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवलं, ते मूळचे आपल्याच जालना जिल्ह्यातले. सापाचं तर मण्यार चावल्यावर दुखतही नाही कधीकधी, सकाळपर्यंत डोळ्याच्या पापण्या पडतात. करकचून बांधायचं नाही, ब्लेड मारायचं नाही, माणसाला चालवायचं नाही, १०८ ला फोन. आणि बूट घ्या हो त्या पोराला, पायातल्या चपला बघून माझा जीव वरखाली होतोय.

केजचा_गवंडी
एक राहिलं. पाडकाम पण बांधकाम कामगारात मोडतं, पोरांचे वर्षात ९० दिवस काम भरत असेल तर बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करा, सेफ्टी किट मिळतं त्यात. नि बँकेतून प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढा, वर्षाला २० रुपये कटतात, अपघातात गेला माणूस तर घरच्यांना २ लाख.

छोटाहत्ती_बीड
सगळ्यांचे लई आभार. रात्री दोनदा वाचलं. वारसांना सकाळीच फोन केला, सांगितलं पेव बंदच राहील नि दिवाळी धरू नका. ते म्हणाले दुसरा माणूस बघतो, मी म्हणलं बघा, पण त्यालाही पेवाचं सांगून ठेवा. दुपारी त्यांचा परत फोन आला, पेव राहू द्या म्हणले, काम माझ्याकडंच आहे. इंजेक्शनचं विचारलं सिस्टर, टाके घालताना दिलं होतं. बूट घेतले ४ जोड. त्या पोराला ८ नंबर लागतो, मी ७ आणला, उद्या बदलून आणतो. केजच्या दादा, टेकूला लाकडी बल्ली चालंल का लोखंडी जॅकच पाहिजे?