नव्या बंदिशी लोकांपर्यंत कशा पोचवायच्या?

प्रश्न: आमच्या गुरुजींनी बऱ्याच नव्या बंदिशी (रागात बांधलेल्या गायनाच्या रचना) बांधल्यात, जोगकंस रागातली तर काय सुंदर आहे, मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) असा काही वळसा घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतो की बास, पण क्लासबाहेर कोणी गातच नाही. काय करता येईल?

उत्तर: आधी गुरुजींच्याच आवाजात रेकॉर्ड करा. गायिका अश्विनी भिडे-देशपांडे यांनी ‘रागरचनांजली’ हे स्वतःच्या बंदिशींचं पुस्तक काढलं तेव्हा सोबत सीडी दिली होती, कारण नुसत्या नोटेशनवरून स्वरांचा लगाव, म्हणजे स्वर कसा लावायचा ते, कळत नाही हो. यूट्यूबवर टाकताना राग, ताल, रचनाकार शीर्षकातच लिहा.

उत्तर: वर उत्तर देणाऱ्या ताईंशी सहमत. आणि मैफलीत गाताना रचनाकाराचं नाव सांगाच, फार गायक सांगत नाहीत याचं खरंच वाईट वाटतं. जोगकंस हा राग जगन्नाथबुवा पुरोहितांनी बांधलेला, ‘गुणीदास’ ही त्यांची मुद्रा (शब्दांत गुंफलेलं रचनाकाराचं टोपणनाव) बंदिशींतच आहे म्हणून नाव टिकलं. गुरुजी मुद्रा घालतात का?